घरचे विज्ञान : पडणाऱ्या थेंबाचा वेग

"हवेचा विरोध विचारात घेऊ नये."

शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात पडणाऱ्या वस्तूंची जितकी उदाहरणे असतात, त्यांपैकी बहुतेकांच्या शेपटास हे वाक्य बांधलेले असते. लग्नपत्रिकेच्या तळाशी "कृपया आहेर आणू नये" असे छापतात, त्यातलाच हा प्रकार. छापणारा ते गंभीरपणे छापीत नाही आणि वाचणारा ते गंभीरपणे वाचीत नाही. परंतु गेल्या आषाढात ह्या वाक्याने आमच्या यवतमाळच्या घरी एक सबंध संध्याकाळ अडवून धरली, आणि त्या संध्याकाळचा धागा पुढे अशा ठिकाणी जाऊन पोचला की, ती हकीकत वाचकांपुढे मांडल्यावाचून मला राहवत नाही.

माझी पुतणी अकरावीत आहे. दिवेलागणीनंतर ती माजघरात उदाहरणे सोडवीत बसली होती. एक किलोमीटर उंचीवरून पाण्याचा थेंब सुटला, तर भूमीवर पोचताना त्याचा वेग किती? तिने रीतीप्रमाणे उत्तर काढले : सेकंदाला १४० मीटर. मग तिने त्याचे तासाचे किलोमीटर केले, ते ५०० च्या वर गेले. बाहेर पाऊस चांगला कोसळत होता. तिने एकदा वहीकडे पाहिले, एकदा अंगणाकडे पाहिले आणि मला विचारले, "काका, हे उत्तर खरे असेल तर आपली तुळस अजून उभी कशी?"

प्रश्न रास्त होता. मी काही बोलणार तोच आमच्या मातोश्री झोपाळ्यावरून म्हणाल्या, "अगं, पागोळीखाली हात धर आणि मग उघड्या पावसात धर. दोन्हीकडे मार जवळपास सारखाच लागतो. ढग किती उंच आणि पागोळी किती उंच!" आईंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेले, परंतु सेंट पॉलच्या घुमटावरून फुगवलेली जनावरांची मूत्राशये खाली सोडून १७१९ साली लंडनमध्ये देसाग्युलिए नावाच्या गृहस्थांनी जे ताडून पाहिले, त्याच जातीचे हे निरीक्षण होते. पडणारी वस्तू जितकी खाली येईल तितकी अधिकाधिक वेगवान होत जाते, हे अर्धेच सत्य आहे. हवा तिला एका मर्यादेपलीकडे धावू देत नाही.

ही मर्यादा कशी काढावयाची? आम्ही पाटी घेतली. थेंबावर दोन बले काम करतात. एक पृथ्वीची ओढ. ती सुरुवातीपासून अखेरपर्यंत तेवढीच. दुसरा हवेचा विरोध. तो आरंभी शून्य असतो आणि थेंबाचा वेग वाढेल तसतसा वाढतो. कर्जाचे व्याज उत्पन्नाच्या मागे लागावे तसा तो ओढीच्या मागे लागतो, आणि ज्या क्षणी दोन्ही समान होतात त्या क्षणापासून वेगाची वाढ थांबते. थेंब थांबत नाही, हे ध्यानात ठेवावे, वाढ थांबते. पुढे तो एकाच वेगाने खाली येत राहतो. ह्या वेगास अंतिम वेग म्हणतात.

आता विरोध वेगाबरोबर कोणत्या प्रमाणात वाढतो, हा कळीचा प्रश्न. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथाचा दुसरा खंड बहुतांशी ह्याच भानगडीत घालविला आहे. मोठी आणि वेगवान वस्तू हवेला ढकलून बाजूस सारीत जाते. तेथे विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. अगदी बारीक वस्तूची गोष्ट निराळी. तिला हवा ढकलता येत नाही; ती हवेतून अशी उतरते की जणू एरंडेल तेलात मोहरीचा दाणा सोडला आहे. तेथे हवेचा चिकटपणा, शास्त्रीय परिभाषेत विष्यंदिता, राज्य करतो, आणि विरोध वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो. हा दुसरा नियम १८५१ साली स्टोक्स ह्या गणितज्ञाने मांडला. पावसाचा थेंब पहिल्या नियमाचा प्रजाजन, धुक्याचा कण दुसऱ्याचा.

दुसरा नियम सोडविण्यास सोपा, म्हणून तो आधी घेऊ. अंतिम वेगास 'अ' म्हणू, चालू क्षणाच्या वेगास 'व', आणि गुरुत्वामुळे दर सेकंदास होणाऱ्या वेगवृद्धीस 'ग', ही ९.८ मीटर असते. "चालू क्षणाचा वेग" ह्या शब्दांनी कोणी बिचकू नये. इसवी सन ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत भास्कराचार्यांनी ग्रहांची तात्कालिक गती म्हणून हीच कल्पना वापरली आहे. तर,

वेगाच्या वाढीचा दर = ग × (१ − व ÷ अ)

व शून्य असताना हा दर पूर्ण ग. व आणि अ समान झाले की दर शून्य. समीकरण आपल्याला हवे तेच सांगत आहे. ते सोडविण्याची युक्ती अशी की, थेंबाने कमावलेल्या वेगाकडे पाहू नये, राहिलेल्या उणिवेकडे पाहावे. उणीव म्हणजे अ वजा व. वरील समीकरण उणिवेच्या भाषेत लिहिले तर ते म्हणते : उणीव जितकी असेल तिच्या ठराविक हिश्शाने ती दर क्षणी घटते. हे तर सावकाराच्या वहीतले गणित झाले! बिनव्याजी कर्ज आहे, आणि दर हप्त्यास शिल्लक बाकीचा ठराविक हिस्सा फेडावयाचा असा करार आहे. बाकी मोठी असताना हप्ता मोठा, बाकी लहान होईल तसा हप्ताही लहान. कर्ज झपाट्याने उतरते, परंतु अगदी शेवटची दमडी कधीच फिटत नाही.

हप्ता क्षणाक्षणाला पडत असेल, तर अ ÷ ग एवढा काळ लोटला की उणीव २.७१८ ने भागली जाते. ह्या काळास आपण अवधी म्हणू. एक अवधी गेला की थेंबास अंतिम वेगाचा शेकडा ६३ भाग लाभतो, दोन गेले की ८६, तीन गेले की ९५. सूत्रच हवे असेल तर

व = अ − अ ÷ (२.७१८ चा न-वा घात)

येथे न म्हणजे लोटलेल्या अवधींची संख्या. चलन-कलन शिकलेल्यांनी हे पाच ओळींत सिद्ध करावे. न शिकलेल्यांनी सावकाराची वही आठवावी. निष्पत्ती एकच.

पावसाच्या थेंबासाठी वर्गाचा नियम घ्यावा लागतो, म्हणजे कंसात (व ÷ अ) च्या जागी त्याचा वर्ग येतो. तेथे उणिवेने एकटीने भागत नाही. अ अधिक व ह्या बेरजेस अ वजा व ह्या वजाबाकीने भागिले असता जे गुणोत्तर येते, ते दर अवधीस २.७१८ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे ७.३९ ने, गुणिले जाते. पाच मिलिमीटर व्यासाच्या टपोऱ्या थेंबाचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. तासाला बत्तीस किलोमीटर, म्हणजे गावातून बेताने जाणाऱ्या मोटारीइतका. त्याचा अवधी सेकंदाहून किंचित कमी. दोन अवधींत तो अंतिम वेगाच्या शेकडा ९६ भागास पोचतो आणि तोवर जेमतेम ११ मीटर खाली आलेला असतो. ढग एक किलोमीटरवर असो की तीन, अखेरच्या तीन मजल्यांत जे व्हावयाचे तेच होते. आईंची पागोळीही आम्ही ताडून पाहिली. तीन मीटरांवरून सुटलेला तसाच थेंब ओट्याशी सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने पोचतो. ढगातल्या थेंबाच्या जवळजवळ तीनचतुर्थांश. "मी सांगितलेच होते," असे आई म्हणाल्या, आणि पुतणीने १४० हा आकडा खोडून टाकला.

जाता जाता गारांविषयी. वर्गाच्या नियमात गारेचा व्यास दुप्पट झाला तर अंतिम वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. परंतु वजन आठपट झालेले असते, त्यामुळे तिच्या आघाताची शक्ती सोळापट होते. २०१४ च्या फाल्गुनात विदर्भात आणि मराठवाड्यात ज्यांनी आडवा झालेला गहू पाहिला, त्यांना बोराएवढ्या आणि लिंबाएवढ्या गारेतील अंतर सूत्रावाचूनही ठाऊक आहे.

इथवरची गोष्ट सुखाची होती. हवा आपली कैवारी आहे, ती नसती तर पहिल्याच सरीने पिके आणि पाखरे ठार झाली असती, असे म्हणून मी पाटी पुसली.

भाद्रपदात पुतणी माझ्याबरोबर वावरात आली. कळंबच्या वाटेवर आमची थोडी काळी जमीन आहे. ती बटाईने दिलेली असून वडिलांच्या मागे हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पऱ्हाटी पात्यांवर आली होती आणि शेजारच्या वावरात फवारणी चालू होती. पाठीवर बॅटरीचा पंप, हातात नळी, आणि माणसाच्या भोवती पांढुरके धुके. ऊन तिरपे असल्यामुळे ते धुके फार स्पष्ट दिसत होते. पुतणी बराच वेळ पाहत राहिली व म्हणाली, "काका, ते पडतच नाही."

मी पाहिले. ते खरोखरच पडत नव्हते.

येथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात मी ह्याच बांधावर उभा होतो. त्या वर्षी नवे जोरकस पंप आले होते, आणि आमच्या वावरात मारणाऱ्या मजुराच्या नळीतून निघणारा तलम फवारा पाहून मी, तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविलेला मनुष्य, बटाईदारास म्हणालो होतो, "वा! औषध अगदी कापसासारखे पसरते आहे." त्याच दिवशी दुपारी त्या मजुराच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, उलट्या झाल्या, आणि त्यास बैलगाडीतून सडकेपर्यंत न्यावे लागले. तो वाचला. पुष्कळ वाचले नाहीत. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसांहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने मरण पावले. शेकडो लोक आजारी पडले. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून सांगणारे, श्वासासाठी तडफडणारे रुग्ण दिवसेंदिवस येत राहिले. पुढे शासनाने विशेष तपास पथक नेमले. कारणे अनेक निघाली : जहाल औषधे, दोन-तीन औषधे एकत्र कालविण्याची सवय, उघडे अंग, तोंडास काही नाही, दमट उकाडा, आणि ह्यांच्या जोडीस त्या वर्षी माणसाच्या उंचीची झालेली, गच्च दाटलेली पऱ्हाटी. औषध विकणाऱ्याने काय केले आणि न केले, हा प्रश्न मोठा आहे आणि तो न्यायाचा आहे. परंतु त्या धुक्याचे गणित माझ्या विषयातले होते, आणि ते मी मांडले नव्हते.

ते आता मांडू. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे पाण्याच्या बारीक थेंबाचा अंतिम वेग काढण्याची घरगुती रीत अशी : व्यासाच्या मायक्रॉनांचा वर्ग करावा, तिपटीने वाढवावा व हजाराने भागावे, उत्तर सेकंदाला इतके सेंटिमीटर असे येते. शंभर मायक्रॉनांपर्यंत ही रीत बऱ्यापैकी चालते. शंभर मायक्रॉनांचा थेंब सेकंदाला साधारण पाव मीटर उतरतो; येथे रीत किंचित अधिक उत्तर देते. पन्नासाचा साडेसात सेंटिमीटर. विसाचा सव्वा सेंटिमीटर. दहाचा अवघा तीन मिलिमीटर. म्हणजे नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून दीड मीटरवर, सोडलेला शंभराचा थेंब सहा सेकंदांत खाली येतो. पन्नासाचा वीस सेकंद घेतो. विसाचा दोन मिनिटे. आणि दहाचा आठ मिनिटे तेथेच घोटाळत असतो. झाडाची पाने नुसती सळसळावीत इतका मंद वारा सेकंदाला दोन मीटर वाहतो. वीस सेकंदांत तो पन्नासाच्या थेंबास चाळीस मीटर दूर नेईल, आणि विसाच्या थेंबास पाव किलोमीटर. भर दुपारी तापलेल्या भूमीवरून हवा वर चढू लागली म्हणजे हे थेंब पडावयाचे सोडून वर जातात. रुईची म्हातारी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती दिसते, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, पंप जोराने मारतो ना? तर त्या जोराचेही गणित करून पाहावे. पन्नास मायक्रॉनांच्या थेंबाचा अवधी सेकंदाच्या एकशे तिसाव्या भागाइतका असतो. नळीच्या तोंडातून तो सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला, तरी हवा त्यास वीतभर अंतरातच रोखते. विसाच्या थेंबास तर दोन-अडीच सेंटिमीटरांत. फवाऱ्याबरोबर ओढली जाणारी हवा त्यांस आणखी थोडे पुढे नेते, परंतु त्यापुढे ते पंपाचे नव्हेत, वाऱ्याचे. शिवाय जोर वाढविला म्हणजे थेंब अधिक बारीक होतात. दोनशे मायक्रॉनांच्या एका थेंबातले औषध पन्नासाच्या चौसष्ट थेंबांत वाटले जाते, आणि विसाच्या हजार थेंबांत. पानावर पडावयाचा एक थेंब मोडून श्वासात जाऊ शकणारे हजार तयार करणे, ह्यास आम्ही उत्तम फवारणी समजत होतो. जाड थेंबही निरुपद्रवी नव्हेत. डोक्याच्या वर मारलेले औषध पानांवरून निथळून अंगावर येते, आणि ही विषे कातडीतून सहज शिरतात. पण निथळलेले दिसते तरी. तरंगणारे तेवढे दिसत नाही.

हाच नियम एका अमेरिकन प्राध्यापकाने किती सुंदर कामास लावला होता, हे आठवून मन खिन्न होते. मिलिकन ह्यांनी १९०९ पासूनच्या प्रयोगांत अत्तराच्या फवाऱ्याने तेलाचे सूक्ष्म थेंब उडवून, त्यांच्या पडण्याच्या वेगावरून इलेक्ट्रॉनाचा विद्युत्भार मोजला आणि १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्यांच्या प्रयोगाचा सारा आधार हाच, की बारीक थेंब इतका सावकाश पडतो की तो दुर्बिणीतून बघत बसता येते.

त्या संध्याकाळी पुतणीने वहीत हे आकडे मांडले आणि आम्ही दोघे दुसऱ्या आठवड्यात ते घेऊन बटाईदाराकडे गेलो. वाऱ्याच्या तोंडास तोंड देऊन कधी मारू नये. वाऱ्याला आडवे चालावे आणि प्रत्येक तासानंतर वारा जिकडून येतो तिकडे सरकावे, म्हणजे मारलेले धुके आपल्यापासून दूर जाते. पहाटेची अगदी निवांत हवा चांगली, हाही भ्रमच आहे. त्या वेळी बारीक थेंब भूमीलगत थिजल्यासारखे राहतात. मंद आणि एकाच दिशेचा वारा हवा. पंपाचा जोर बेताचा, नळीचे तोंड जाड थेंबाचे. तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांस चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अंगरखा, हे तर आहेच. त्याचा खर्च मजुराच्या माथी न मारता जमिनीच्या मालकाने द्यावा, हे मी आमच्या घरच्या हिशेबाच्या वहीत लिहून टाकले. थोरल्या वहिनींनी ते वाचून "इतकी वर्षे कोणत्या सदरात होते?" असे विचारले. उत्तर देण्यासारखे नव्हते.

बटाईदाराने सर्व ऐकून घेतले. वहीतला आठ मिनिटांचा आकडा त्याने दोनदा विचारला. मग तो म्हणाला, "गुर्जी, नयी खाली धरतो, वारा पाहून चालतो, समदं करतो. पन पऱ्हाटी माह्या डोक्याले लागली हाय. वरच्या बोंडाले दवाई पोचवाची त नयी वर करावीच लागन ना?"

सूत्रापाशी ह्याचे उत्तर नव्हते. ते शेतीच्या जुन्या चालीत होते. पऱ्हाटीचे शेंडे वेळीच खुडले तर झाड उंच न वाढता आडवे फुटते, आणि नळी छातीच्या खाली राहते. आमच्याकडे ते खुडणे मजुरी वाचविण्यासाठी कैक वर्षांपूर्वी बंद झाले होते. बंद करा म्हणून सांगणारा मीच. चार एकरांस बायामाणसांची दोन दिवसांची मजुरी लागते. सोमवारी सकाळी सहा जणी विळे न घेता, नुसत्या हातांनी, तासातासांतून शेंडे मोडीत गेल्या, आणि त्या दोन दिवसांत आम्ही पंपास हात लावला नाही.